सेलेनियमचा आकडा आणि सकाळची गोळी

श्रावणातली गोष्ट. दुकान बंद करायच्या वेळेला शेजारच्या वहिनी आल्या, एका हातात प्लॅस्टिकची फाईल आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात फार्मसी चालवते, त्यामुळे थायरॉइडच्या फायली रोजच बघते. वहिनींची तर मला पाठ आहे. त्यांचा थायरॉइड मंद आहे आणि सहा वर्षं त्या थायरॉक्सिनची गोळी घेतात. या वेळी टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंद पडला की रक्तात चढणारा आकडा, ८.४ वर गेला होता. आणि फाईलमध्ये एक पान नवीन होतं. त्यावर एकच ओळ: सीरम सेलेनियम, ६८ मायक्रोग्रॅम प्रतिलीटर. बाजूला लॅबने दिलेली मर्यादा ७० ते १५०, आणि ६८ च्या पुढे खाली तोंड केलेला बाण.

"बाय, माझा थायरॉइड यामुळेच बिघडला ना?"

पिशवीतून त्यांनी काउंटरवर एकेक वस्तू मांडली. केस गळतात म्हणून चार महिन्यांपूर्वी सुरू केलेली लोह आणि कॅल्शियमची गोळी. बाणाचा रिपोर्ट आल्यावर मागवलेल्या सेलेनियमच्या कॅप्सूल, एकेक २०० मायक्रोग्रॅमची. आणि भाच्याने लिस्बनहून पाठवलेली ब्राझील नट्सची पुडी. त्यातले त्या रोज तीन खात होत्या, तीन आठवड्यांपासून.

हा प्रश्न मला आता महिन्यातून दोनचारदा तरी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून नीट सांगते.

आधी थायरॉइडचं काम. कंठाच्या खाली, श्वासनळीला बिलगून असलेली ही ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून मुख्यतः टी-४, म्हणजेच थायरॉक्सिन, नावाचं संप्रेरक बनवते. चार म्हणजे त्यात आयोडीनचे चार अणू. पण टी-४ हा साठवणीचा माल. पेशींना लागतं ते टी-३, ज्यात आयोडीनचे तीनच अणू असतात. टी-४ मधला एक ठरावीक अणू काढून टाकला की टी-३ तयार होतं. अंगातलं सुमारे ८० टक्के टी-३ ग्रंथीत बनतच नाही. ते यकृत, मूत्रपिंड, स्नायू, मेंदू अशा ठिकाणी, गरजेप्रमाणे टी-४ पासून बनतं. तो चौथा अणू काढणारी जी विकरं आहेत, म्हणजे एन्झाइम्स, त्यांच्या कामाच्या टोकावर सेलेनियमचा एक अणू बसलेला असतो. हे १९९० मध्ये स्पष्ट झालं आणि तेव्हापासून थायरॉइड आणि सेलेनियम ही नावं जोडीने घेतली जाऊ लागली.

सेलेनियम मूलद्रव्य म्हणून माहीत झालं ते १८१७ मध्ये. स्वीडनच्या बर्झेलियसने ते शोधलं आणि ग्रीक चंद्रदेवतेवरून त्याला नाव दिलं. बरीच वर्षं त्याची ओळख विष अशीच होती.

सेलेनियमचं दुसरं काम मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. आयोडीन संप्रेरकात गुंफायचं तर ग्रंथीला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. जखम धुवायला बाटलीत मिळतं तेच रसायन. थायरॉइडच्या पेशी ते स्वतः बनवतात, रोज, जन्मभर. ते नसेल तर संप्रेरक बनणार नाही आणि जास्त झालं तर पेशीच पोळणार.

काजूच्या मोसमात आमच्याकडे काजूच्या रसाची दारू गाळायच्या भट्ट्या लागतात तेव्हा हे डोळ्यांनी बघता येतं. रस उकळायच्या भाणाखाली आग धगधगत असते आणि वाफ ज्या भांड्यात, म्हणजे लावणीत, उतरते तिच्यावर एक माणूस सतत गार पाणी ओतत बसलेला असतो. आग विझली तर हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, नाही. पाणी ओतणारा हात थांबला तर वाफ वाया जाते आणि सगळं तापून बसतं. थायरॉइडमध्ये पाणी ओतणारा हात म्हणजे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाची विकरं. उरलेल्या पेरॉक्साइडचं ती साधं पाणी करून टाकतात, आणि त्यांच्यातही सेलेनियमच असतं. शरीरात वजनाच्या मानाने सर्वांत जास्त सेलेनियम थायरॉइडमध्ये सापडतं, त्याचं कारण हेच.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. थायरॉइडच्या रुग्णांमध्ये सेलेनियम खरंच कमी असतं का?

कधी असतं. चीनच्या शान्शी प्रांतात दोन परगणे निवडून सहा हजारांहून जास्त लोक तपासले गेले. एका परगण्याच्या मातीत सेलेनियम पुरेसं होतं, दुसऱ्याच्या मातीत कमी. पुरेशा भागात लोकांच्या रक्तातली मध्यम पातळी सुमारे १०४ होती, कमी भागात सुमारे ५७. थायरॉइडचा काही ना काही आजार पहिल्या भागात १८ टक्के लोकांना निघाला, दुसऱ्यात ३०.५ टक्के लोकांना. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा फरक मोठा आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

डेन्मार्कमध्ये मात्र चित्र पुसट होतं. तिथे ग्रेव्हज या आजाराचे, म्हणजे थायरॉइड नको तेवढा जोरात चालणाऱ्यांचे, नुकतेच निदान झालेले रुग्ण तपासले. त्यांची सरासरी ९० च्या आसपास आली आणि निरोगी लोकांची ९९ च्या आसपास. सरासरीत फरक दिसला खरा, पण एकाच माणसाचा रिपोर्ट समोर ठेवला तर तो रुग्णाचा की निरोगी माणसाचा हे कुणालाही सांगता येणार नाही. शिवाय आजारामुळे सेलेनियम उतरलं की सेलेनियम उतरल्यामुळे आजार आला, हे एकदा रक्त घेऊन कळत नाही.

रक्तातला आकडा कशाकशाने हलतो हे कळलं की निम्मी भीती जाते. सीरममधल्या सेलेनियमचा अर्ध्याहून जास्त भाग सेलेनोप्रोटीन-पी नावाच्या प्रथिनात असतो. हे प्रथिन यकृत बनवतं. अंगात ताप किंवा सूज असली की यकृताचं लक्ष दुसरीकडे जातं आणि हा आकडा खाली येतो, खाण्यात काही कमी नसतानासुद्धा. गरोदरपणातही तो उतरतो. खाल्लेल्या अन्नाप्रमाणे तर बदलतोच.

मी वहिनींना विचारलं, रक्त कधी दिलं होतं? जुलैच्या मध्याला. म्हणजे मासेमारी बंदीचे दिवस. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, ताजी मासळी मिळाली तरी भाव ऐकून माणूस परत फिरतो. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात वहिनी तापाने पडल्या होत्या, गोळ्या माझ्याकडूनच नेल्या होत्या. त्या दिवसांत आलेला ६८ आणि लॅबचा ७० यांत दोनाचा फरक. एवढा फरक तर तेच रक्त दोनदा तपासलं तरी पडू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. सेलेनियम तुटपुंजं झालं की शरीर ते सगळीकडे सारखं वाटत नाही. यकृत आणि स्नायू यांचा वाटा आधी कापला जातो, मेंदू आणि थायरॉइड यांचा शेवटपर्यंत राखला जातो. घरात धान्य कमी पडलं की आई आधी मुलांच्या ताटात वाढते, तसंच. म्हणून रक्तात आकडा थोडा उतरला म्हणजे थायरॉइड उपाशी आहे असं नव्हे.

मग आपल्या ताटात किती असतं? भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरतं, अमेरिकेत ५५ म्हणतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गोव्यात मासळी खाणाऱ्या घरात ही गरज भागवणं कठीण नाही. बांगडा किंवा तारली यांच्या १०० ग्रॅम मांसात साधारण ३० ते ५० मायक्रोग्रॅम मिळतं, सुंगटांत, म्हणजे कोळंबीतही, जवळपास तेवढंच. कुर्ल्या, तिसऱ्या, शिनाण्या यांतही चांगलं असतं. एका अंड्यात १५ च्या आसपास. म्हणजे दुपारचं शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) आणि एखादं अंडं यातच दिवसाचा हिशेब होतो.

शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणाऱ्यांचा हिशेब मात्र थेट मातीशी जोडलेला असतो. भाताच्या रोपाला स्वतःला सेलेनियमची गरज नसते. मातीत असेल आणि मुळांना मिळालं तर ते दाण्यात येतं, नाहीतर नाही. आपल्या तांबड्या जांभ्या मातीत लोह भरपूर आणि माती आंबट. अशा मातीत लोहाची संयुगं सेलेनियम घट्ट धरून ठेवतात. त्याच्या अगदी उलट पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या काही गावांत मातीतच ते इतकं आहे की तिथला चारा खाऊन गुरांचे खूर फुटतात, शिंगं गळतात. फिनलंडच्या मातीत ते इतकं कमी होतं की १९८४ मध्ये सरकारने ठरवून खतातच मिसळायला सुरुवात केली. म्हणून ‘१०० ग्रॅम तांदळात इतकं सेलेनियम’ असा तक्ता कुणी पाठवला तर मी आधी विचारते, कुठल्या गावच्या तांदळात? उकड्या तांदळाची पेज शेतातल्या भाताची आणि रेशनच्या तांदळाची, दोन्ही दिसायला सारख्या असतील, पण आत असलेलं सेलेनियम वेगळं.

जे मासे-अंडी दोन्ही खात नाहीत, ज्यांची आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना ग्लुटेन न पचण्याचा सीलिअॅक आजार आहे किंवा जे वर्षानुवर्षं डायलिसिसवर आहेत, त्यांच्या बाबतीत तपासणीला अर्थ आहे. थायरॉइड आहे एवढ्याच कारणाने सरसकट सगळ्यांची तपासणी करण्यात मला अर्थ वाटत नाही. भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद निघाला होता. त्या आठांत गोवाही होता. समुद्राकाठच्या गोवा, मुंबई, चेन्नई इथे हे प्रमाण आतल्या शहरांपेक्षा थोडं कमी होतं, पण सुमारे साडेनऊ टक्के म्हणजेही दहा माणसांत जवळजवळ एक. इतक्या लोकांना ही महागडी तपासणी कशासाठी करायला लावायची?

गोळीने फरक पडतो का, याचं उत्तर आजारानुसार बदलतं.

हाशिमोटो, म्हणजे शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच थायरॉइडवर उलटणं. वहिनींना तेच आहे. रक्तातल्या अँटी-टीपीओ या प्रतिपिंडांचा आकडा ही त्याची खूण. २००२ मध्ये जर्मनीत अशा स्त्रियांना तीन महिने रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं आणि तो आकडा एक तृतीयांशाहून जास्त उतरला. तेव्हा सगळ्यांना मोठी आशा वाटली, ती साहजिकच होती. पण आकडा उतरला म्हणजे माणसाला बरं वाटलं का? ते पाहण्यासाठी डेन्मार्कमध्ये थायरॉक्सिन घेणाऱ्या चारशेवर रुग्णांना वर्षभर सेलेनियम किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. कोण काय घेतंय हे त्यांना माहीत नव्हतं. २०२४ मध्ये निकाल आला. अँटी-टीपीओ या वेळीही उतरला. थकवा, मरगळ, रोजचं जगणं यांत मात्र खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा काही फरक नव्हता, आणि थायरॉक्सिनचा डोसही कमी झाला नाही. कागदावरचा आकडा सुधारला, अंगातला थकवा तसाच राहिला. माझ्या मते या सगळ्या विषयात लक्षात ठेवण्यासारखा अभ्यास कुठला, तर हा.

ग्रेव्हजमध्ये डोळे पुढे येतात, चुरचुरतात, पाणी येतं. तो त्रास सौम्य असेल तर सहा महिने रोज दोनदा १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्याने फायदा झाल्याचं २०११ मध्ये युरोपातल्या अभ्यासात दिसलं, आणि तिथले डोळ्यांचे व थायरॉइडचे तज्ज्ञ आजही अशा रुग्णांना ते सुचवतात. त्या अभ्यासातले रुग्ण सेलेनियम जरा कमी असलेल्या मुलखातले होते, हेही खरं. पण इथे गोळीला आधार आहे, म्हणून डोळ्यांची तक्रार घेऊन कुणी आलं की मी ‘गरज नाही’ म्हणत नाही, ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणते.

आयोडीनचं तेवढं सांगायलाच हवं, कारण आगराचं मीठ हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. आगरवाडो, नेरूळ इथल्या मिठागरांतलं ते जाड मीठ लोणच्याला आणि खारवलेल्या बांगड्याला लागतंच, मीही वापरते. पण समुद्राचं म्हणून त्यात आयोडीन असेल ही समजूत चुकीची. पाणी आटवून मीठ होईपर्यंत त्यात आयोडीन नगण्य उरतं. रोजच्या कडी-भाजीत आयोडीनयुक्त मीठच हवं. सेलेनियमशी याचा संबंध असा, की १९९० च्या सुमारास आफ्रिकेत तेव्हाच्या झाईरेच्या (आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) उत्तर भागात आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही कमी असलेल्या लोकांना नुसतं सेलेनियम दिलं गेलं. थायरॉइड सुधारायच्या ऐवजी टी-४ आणखी खाली गेलं. कारण सेलेनियमवर चालणारी विकरं जागी झाली, टी-४ भराभर खर्ची पडू लागलं आणि नवं बनवायला आयोडीन नव्हतं. चांगल्या हेतूने दिलेली गोळी उलटली.

आणि जास्त झालं तर काय? इथे मी वहिनींसमोर कागद-पेन घेतलं. कॅप्सूलचे २००. एका ब्राझील नटमध्ये सरासरी ७० ते ९० मायक्रोग्रॅम असतं, ८० धरू. तीन म्हणजे २४०. झाले ४४०. त्यात मासळी, अंडी धरलीच नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी सगळं मिळून दिवसाची वरची मर्यादा २५५ ठरवली. अमेरिकेची ४०० आहे. वहिनी दोन्हींच्या पलीकडे होत्या.

सेलेनियम नेहमी जास्त होत राहिलं तर पहिली दोन लक्षणं दिसतात, नखं ठिसूळ होतात आणि केस गळतात. त्यासोबत जुलाब, थकवा आणि श्वासाला लसणीसारखा वास. केस गळतात म्हणून कुणी सेलेनियम सुरू केलं असेल तर पुढचं गळणं हा त्याचाच परिणाम असू शकतो, आणि तो दिसला की माणूस ‘अजून कमी आहे वाटतं’ म्हणून डोस वाढवतो. अमेरिकेत २००८ मध्ये एका पूरक औषधाच्या बाटलीत चुकून दोनशे पट सेलेनियम पडलं होतं. २०१ माणसं आजारी पडली आणि त्यांतल्या बहुतेकांना जुलाब, थकवा आणि केस गळणं यांचा त्रास झाला. त्याहून कमी, पण वर्षानुवर्षं घेतलेल्या २०० मायक्रोग्रॅमबद्दलही काळजी आहे. आधीच भरपूर सेलेनियम असलेल्या लोकांना ते दिलं तेव्हा एका जुन्या अमेरिकन अभ्यासात मधुमेह जास्त आढळला. ज्या राज्यात घरटी मधुमेह आहे तिथे हे विसरून चालणार नाही.

वहिनी गप्प झाल्या. मग मी त्यांना विचारलं ते आधीच विचारायला हवं होतं. सकाळची गोळी कशी घेता?

"उठल्यावर. चहाबरोबर. लोहाची, कॅल्शियमची पण तेव्हाच, म्हणजे विसरायला होत नाही."

सहा वर्षं नीट असलेला टीएसएच चार महिन्यांत का चढला, याचं कारण त्या वाक्यात होतं. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून बसतात, त्यामुळे ते रक्तात पुरतं उतरतच नाही. थायरॉक्सिन नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्यायचं, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि लोह-कॅल्शियम किमान चार तासांच्या अंतराने. गोळीच्या वेळा मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या आणि तो कागद व बाटल्या घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी थायरॉक्सिनचा डोस बदलला नाही. लोह-कॅल्शियमची गोळी रात्रीवर नेली, सेलेनियमच्या कॅप्सूल आणि नट्स बंद केले.

टीएसएच नव्या जागी स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात वहिनींनी परत रक्त दिलं. ३.१. सेलेनियम पुन्हा तपासायचं का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी मासळी खाता का विचारलं, वहिनी म्हणाल्या, श्रावण आणि चवथ सोडून रोज. मग नको, म्हणाले. केस अजून विंचरताना येतात, पण पूर्वीइतके नाही. ते पूर्ववत व्हायला अजून काही महिने जातील, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.